मेंदूच्या फोटोचा दिवस

त्या वर्षी भैरवनाथावरचा माझा विश्वास पार उडाला होता. कानात येणारे आवाज गोळ्यांनी थांबले, पण डोक्यात काही टिकेना. चुलीवर दूध ठेवून मी गोठ्यात जाई आणि तिथं कशाला आले हेच विसरे. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला होता. आमच्या केंदूर गावात मात्र मी कामचुकार सून ठरले. सासरे, म्हणजे आमचे आबा, मला एकटीला माहेरी धाडायचं बोलू लागले. लेक माझी चार वर्षांची.

पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, अभ्यासासाठी तुमच्या मेंदूचे फोटो काढू द्याल का? यंत्रात पडून पडद्यावरची अक्षरं बघायची. समोरचं अक्षर दोन अक्षरांमागेही येऊन गेलं असेल तर बटण दाबायचं. सरावातच चुकून चुकून मला रडू फुटलं. तरी हो म्हटलं. सोबत आबा आले.

बोगद्यात सरकवलं आणि यंत्राचे ठोके सुरू झाले. त्यात कितीतरी महिन्यांनी तो आवाज परत आला, "ऊठ, पळ." हातातला रबरी फुगा दाबला की बाहेर काढणार होते. त्यावर बोटं ठेवून मी नवस बोलले नाही, काही मागितलं नाही. "नाथा, माझ्यानं होत नाही. आता तूच बघ," एवढंच मनात म्हटलं.

ठोके थांबले. इतका वेळ पुस्तकी बोलणारी यंत्र चालवणारी बाई हेडफोनमधून एकदम म्हणाली, "ताई, मी बी तुमच्याकडचीच, दौंडजवळ वरवंडची. चुकलं तर चुकू द्या. फकस्त डोकं हलवू नका."

चुकलं तर चुकू द्या! आजारपणात हे मला कुणी म्हटलंच नव्हतं. अंग सैल झालं. आवाज होता, पण लांबच्या रानातून आल्यासारखा. अक्षरांच्या सगळ्या फेऱ्या मी पुऱ्या केल्या.

बाहेर डॉक्टरांनी आबांना समजावलं, "एका फोटोवरून काही ठरत नाही. पण अशा अनेकांच्या फोटोंवरून कळलंय, की या आजारात साधं लक्षात ठेवायलाही मेंदूला फार झटावं लागतं. हा आळस नव्हे."

आबा खाली बघत म्हणाले, "म्हंजी पोरगी झटत व्हती, आन् आम्ही तिलाच बोल लावीत व्हतो." माहेरी धाडायचा विषय तिथंच मिटला.

डॉक्टरांनी दिलेले स्मरणाचे सराव मी वर्षभर केले. आज गावच्या शाळेत साठ पोरांचा पोषण आहार मी शिजवते. त्या बाईला नाथानं धाडलं, की त्या दिवशी यंत्रावर तिची ड्युटीच होती, मला ठाऊक नाही. मी गोळी चुकवत नाही आणि नाथापुढं हात जोडायचंही चुकवत नाही. जमेल तेवढं करायचं, उरलेलं त्याच्या पायाशी ठेवायचं, आणि ताठ मानेनं शाळेची वाट धरायची.