आखरावरची मोकळी जागा

बाळांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला हसत विचारलंत, "दादी, तुमच्या जंगलात ड्रोन असतात का?" मी नुसतं "असतात" म्हणाले, कारण तुमची झोपायची वेळ झाली होती आणि खरं उत्तर लांब होतं. आता धानाची कापणी संपली आहे, ड्रोन परत गेला आहे आणि सगळं मला अजून क्रमाने आठवतं आहे. पुढच्या वर्षी तसं आठवेलच असं नाही, म्हणून आज लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे, कारण ज्यांच्याविषयी लिहायचं आहे ती माणसं मराठीच बोलतात. अडेल तिथे अब्बांना विचारा.

आपलं गाव नागभीडपासून थोडं आत आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला जंगल, मध्ये धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. मागच्या वर्षी रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत, जंगलाला लागून असलेल्या बांधीत वाघाने एका बाईला नेलं. ती माझी विद्यार्थिनी नव्हती, पण तिच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात शिकल्या. त्यानंतर बायकांनी ठरवलं की काठच्या बांध्यांत पाय ठेवायचा नाही. त्यांना कुणी दोष दिला नाही. पण त्या बांध्या ज्यांच्या, त्यांचं वर्षभराचं धान त्यांतच पिकतं.

यंदा वनखात्याने आपल्या गावाला एक ड्रोन वापरून पाहायला दिला. अंगाची ऊब दिसणारा कॅमेरा त्याला होता. पहाटे जमीन गार असताना त्याने काठच्या बांध्यांवरून फिरून यायचं, आणि काही दिसलं नाही तरच बायकांनी रोवणीला उतरायचं. तो चालवायला गावातलीच एक तरुण बाई निवडली गेली. शाळेत असताना इंग्रजीत मी तिला काठावर पास केलं होतं. फेब्रुवारीत ती हातात जाडजूड पुस्तिका घेऊन माझ्या पडवीत आली.

"मॅडम, मशीन मले समजते. पुस्तक समजून नाई राह्यलं."

"दहावीला जे टाळलंस ते आता पुढ्यात आलं," मी म्हणाले.

"तवा तुमी टाळू दिलं काऊन?"

मी चष्मा लावला आणि पुस्तिकेचं पहिलं पान उघडलं. बारा दिवस आम्ही ती पुस्तिका वाचली. मी वाक्य सोपं करून सांगायची आणि ती तिच्या शब्दांत वहीत उतरवायची. त्या वहीतलं सर्वांत महत्त्वाचं पान होतं उड्डाणाच्या जागेचं. हा ड्रोन कुणी हाताने उडवत नाही. रस्ता एकदा फोनवरच्या नकाशात आखून द्यायचा, तो स्वतः जातो आणि स्वतः परत येतो. पण उठण्याची जागा आधी ठरवून द्यावी लागते. त्या चौकोनाबाहेर ठेवला तर तो हलत नाही, आणि काही बिघडलं तर तिथेच परतून उतरतो. जागा सपाट हवी, कोरडी हवी, विजेच्या तारांपासून लांब हवी, वर आभाळ मोकळं हवं आणि आसपास माणसं-जनावरं नकोत.

मार्चमध्ये आम्ही दोघी जागा शोधायला निघालो. यादी माझ्या हातात होती. बांध्या तेव्हा कोरड्या ठणठणीत होत्या, पण जुलैत तिथे गुडघाभर चिखल असतो, म्हणून त्यांच्यावर मी काट मारली. तलावाच्या पाळीवरून तारा जातात, तिच्यावरही काट. आखराचं नाव मी यादीत घेतलं आणि लगेच खोडलं. आखर म्हणजे गावाच्या तोंडाशी असलेली ती उघडी जागा, जिथे सकाळी सगळ्या घरांच्या गाई जमतात आणि गायकी, म्हणजे गावाचा गुराखी, त्यांना चरायला नेतो. जनावरं नकोत असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं.

शेवटी जंगलाच्या कडेला सागांमध्ये मुरमाचं एक टेकाड सापडलं. पाणी तिथे चढत नाही. आम्ही दोरीने माप घेतलं, चार खुंट्या ठोकल्या, आणि तुमच्या दादाजानांच्या दुकानातलं उरलेलं लाल कापड त्यांना बांधलं. ड्रोन तिथून तीनदा उठला आणि तीनदा खुंट्यांच्या मधोमध उतरला. मी स्वतःवर फार खूश होते.

जुलै आला. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायला तयार झाले. पहिल्या पहाटे आम्ही टेकाडावर गेलो, मान वर केली आणि मला सगळं कळलं. मार्चमध्ये सागाला एक पान नसतं. आता प्रत्येक पान जेवणाच्या ताटाएवढं होतं. आभाळ विहिरीच्या तळातून दिसावं एवढंच उरलं होतं. माझ्या रोजनिशीत सागाच्या पालवीची नोंद मी दरवर्षी करते, बाळांनो. आणि तरी शिमग्याच्या दिवसांत सागाखाली उभी राहून मी लिहिलं होतं: आभाळ मोकळं.

दोन दिवस ड्रोन उठलाच नाही. पानांखाली त्याला उपग्रह सापडत नव्हते. तिसऱ्या दिवशी कसाबसा उठला, फिरून आला, पण उतरताना फांदीला अडकून पडला आणि त्याचा एक पंखा मोडला. पंखा बदलता आला. पण वनखात्याच्या साहेबांनी सौम्यपणे सांगितलं की आठ दिवसांत जमलं नाही, तर ड्रोन दुसऱ्या गावाला द्यावा लागेल, तिथेही बायका थांबल्या आहेत. इकडे पऱ्हे वाढत होते. रोप जून झालं की रोवून उपयोग नसतो. बायका रोज बांधापर्यंत येत, आमच्याकडे पाहत आणि परत जात. त्यांच्यात वाघाने नेलेल्या बाईच्या त्या दोघी मुलीही होत्या. काठची बांधी त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी फजरची नमाज झाल्यावर मी एकटीच आखरावर गेले. उंच, तुडवून तुडवून घट्ट झालेली जमीन, वर सगळं आभाळ. आणि खाली गाई. गायकी काठीवर हनुवटी टेकून उभा होता. वयाने तो माझ्याएवढाच.

"मॅडम, तुमचं पाखरू सागात अडकलं म्हणे?"

"अडकलं, भाऊ. चूक माझी."

"शिमग्यात तर सागाखाली तारेबी मोजता येते. मले इचारलं असतं तं सांगतलं असतं. पण आमाले कोण इचारते?"

"आता विचारते. या आखराचा एक कोपरा मला सकाळी सहाला मोकळा हवा."

तो हसला. "तुमी इंग्रजीत सांगून पाहा गाईले. मराठीत तं माह्यं बी आयकत नाई."

मग मी त्याला ते सांगितलं, जे आधीच सांगायला हवं होतं. गावातून जंगलात रोज सर्वांत आधी शिरतो तोच. ड्रोन बायकांच्या आधी त्याची वाट पाहून येईल.  मग त्याने काठीने एका ठिपकेदार म्हाताऱ्या गाईकडे दाखवलं. तिच्या गळ्यात लाकडी घंटा होती.

"गाईची आखरावरची जागा ठरली असते, मॅडम. रोज तिथीच उभी राह्यते. पण ते बुढी हालली का सारा आखर हालते."

आम्ही चुन्याने चौकोन आखला. पहिल्या सकाळी गायकीने त्या गाईला पलीकडच्या टोकाला नेलं. ती शांतपणे परत आली आणि चौकोनाच्या बरोबर मध्यभागी बसून रवंथ करू लागली. फोनवर लिहून आलं होतं की ड्रोन तयार आहे. ड्रोन तयार होता, पण गाय नव्हती. बायका बांधावरून ओरडल्या, "तिलेच उडवा!" दुसऱ्या सकाळी ती अर्ध्यातून परतली. तिसऱ्या दिवशी गायकी उजाडायच्या आत येऊन पलीकडच्या टोकाला मीठ घेऊन उभा राहिला. ती तिथे गेली, तिच्यामागे बाकीच्या गेल्या, आणि तिथेच राहिल्या. चौकोन रिकामा झाला. साहेबांनी दिलेल्या आठातले चार दिवस उरले होते.

माझ्या विद्यार्थिनीने वही उघडून एकेक ओळ मोठ्याने वाचली आणि बटण दाबलं. ड्रोन सरळ वर गेला, जंगलाच्या काठाने फिरला. नाल्याच्या वळणावर पडद्यावर एक लांबट पांढरा आकार दिसला. तो हलला नाही. बांधावर बायका उभ्या होत्या, जून होत चाललेले पऱ्हे समोर होते, आणि सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, ती मला विचारेल.

तिने विचारलं नाही. "आज काठाले नाई," ती म्हणाली. "आज तलावाकडच्या बांध्या करा. गायकीबाबा, गाई पाळीकून न्या."

एकीने कुरकुर केली, "डुक्कर असन."

"डुक्कर असन तं उद्या रोवू. वाघ असन तं बी उद्या रोवू."

बायका तलावाकडे वळल्या. दुपारी वनरक्षकाने नाल्यात ठसे पाहिले; वाघाचेच होते. दुसऱ्या पहाटे पडदा सगळीकडे काळा होता, कुठेच ऊब नव्हती. बायका काठच्या बांध्यांत उतरल्या, वनरक्षक बांधावर उभा राहिला, आणि त्या दोघी मुलींची रोवणी सर्वांत आधी झाली. पुढचे सगळे दिवस, पाऊस थांबेल तेव्हा, ड्रोन त्या चौकोनातून उठला आणि त्यातच उतरला. पाऊस थांबला नाही त्या दिवशी काठाला कुणी गेलं नाही. यंदा रोवणीला गेलेली प्रत्येक बाई घरी आली.

सदतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. त्यातला सर्वांत चांगला वर्ग मी कोणता घेतला असं मला कुणी विचारलं, तर मी पडवीतले ते बारा दिवस सांगेन. आणि चुकीची जागा निवडली होती हेही सांगेन, कारण योग्य जागा त्यामुळेच विचारून मिळाली.

ड्रोन आता खात्याकडे जमा आहे. पुढच्या रोवणीला परत येईल असं साहेब म्हणाले आहेत. चुना पावसात केव्हाच धुऊन गेला. सागाखालच्या खुंट्या कुणीतरी सरपणाला नेल्या. पण काल सकाळी मी आखरावरून आले, तेव्हा सगळ्या गाई पलीकडच्या टोकाला उभ्या होत्या. अलीकडचा तो कोपरा अजून मोकळा आहे.