दादांच्या तेराव्याची पहिली पंगत

मंडळी, तासाभरापूर्वीच कुरुंद्याहून परतले. आज माझ्या थोरल्या भावाचं, दादांचं तेरावं होतं.

दादांची हळदीची शेती. हळद शिजवायच्या दिवसांत घरात जेवायला माणसंच माणसं असायची. तेव्हा दादा स्वतः वाढायला उभे राहायचे आणि पहिली पंगत बायकांची बसवायचे. "जी धुरात बसली तिनं आधी जेवावं," एवढंच म्हणायचे. गाव हसायचं, दादा वाढत राहायचे.

आज मात्र आधी पुरुषांची पंगत बसायला लागली. तेवढ्यात दादांचा मुलगा गणेश वरणाची बादली घेऊन मध्ये उभा राहिला. "आत्या, आईला अन् सगळ्या बायांना अगोदर बसवा."

आमचे चुलतभाऊ उखडले, "काहून रे? बापाच्या तेराव्याला नवी रीत काढून राहिला का?"

"नवी न्हाई काका. ह्या घरची हीच हाय."

वहिनी दाराआडून म्हणाल्या, "ताई, आज नगं. लोक नावं ठेवतील."

"जन्मभर ठेवलीच की," मी म्हटलं आणि हाताला धरून त्यांना पाटावर बसवलं.

वहिनी जेवल्या. चुलतभाऊ न जेवता निघून गेले. वाईट वाटलं, पण फार नाही.

गेलेल्या माणसाचं कौतुक सगळेच करतात. त्याची सवय पुढे चालवायची तर कुणाला तरी भरल्या मांडवात बादली घेऊन उभं राहावं लागतं.

तुमच्या घरात कोण उभं राहील?