न मोजलेला रोटर

धर्मपाल काका बडनेऱ्याचे. आयटीआय टर्नर. अमरावतीच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं घासले. सायब लोक त्यायले हेल्पर समजत, अन् मी, डिग्रीवाला नितेश, त्यायच्याच जिवावर एसीत बसून इंजिनिअर म्हणून मिरवत होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाही तर पुढचं सांगाची हिंमत होनार नाही.

आमी पऱ्हाटीचा, म्हनजे कापसाच्या वाळल्या झाडाचा, चुरा करनारं मशीन बनवतो. शेतात मशीनमंधी दगड आला तर ते टिकते का, हे मी कंप्युटरवर पाहतो. त्यात रोटर, म्हनजे कापनाऱ्या पट्ट्या बसवलेला फिरता दांडा, वाकत नाही असं धरा लागते, त्याले रिजिड बॉडी म्हनतात. वेळ वाचवाले मी तो रोटर नुसत्या एका सरळ रेषेतल्या बिंदूंनी दाखवो. मंग सॉफ्टवेअर अडून बसे, इनर्शिया शून्य आहे म्हने. म्हनजे फिरता रोटर थांबवाले किती जड, तो आकडाच त्याले भेटत नसे. तो हातानं भरा लागे.

तो आकडा काका देत. रोटर दोन सारख्या तारांवर उभा लटकवत, जरासा पिळून सोडत, अन् घड्याळ धरून पन्नास झोके मोजत. तीनदा. मी हसो. "काका, हे ड्रॉइंगवरून निघते ना."

"ड्रॉइंगमंधल्या रोटरले वेल्डिंग किती भरलं, कोनाले मालूम?" काका म्हनत. अन् चिठ्ठी देत.

गेल्या वर्षी अकोल्याच्या प्रदर्शनाची घाई होती. नवा रोटर, तोच एरर. काका म्हने, "तारा दुसऱ्या कामात अडकल्या. दोन तास थांब." मी कायले थांबतो! अंदाजानं लहानसा आकडा ठोकून देला. एरर गेला. पट्टी मजबूत आहे, असा रिपोर्ट निंगाला. रिपोर्ट जुन्याच फाइलवर बनवला होता, त्यात "मोजनारा : धर्मपाल" तसंच राहून गेलं. मले ते दिसलं होतं. मी खोडलं नाही.

तेल्हाऱ्याच्या शेतात चाचणीत दगड आला. रोटर खरा जड होता, धक्का त्या हिशेबानं बसला अन् पट्टी तुटली. तो तुकडा ट्रॅक्टर चालवनाऱ्या बंडूच्या पायात घुसला. गुडघ्याखाली पाय काढा लागला. तीस वर्षांचं पोरगं.

मालक खुशालरावांनी आमाले दोघाले केबिनमंधी बोलावलं. रिपोर्ट काकांच्या समोर टाकला.

"सायेब, हा रोटर मी मोजलाच नाही," काका म्हने.

खुशालरावांनी मले विचारलं. काकांनी माह्याकडं पाह्यलं, एकदम निवांत. हा खरं सांगन, असा भरोसा होता त्यायले. मी म्हटलं, "आठवत नाही सायेब. मोजला असन."

थू माह्या जिनगानीवर.

त्याच दिवशी काकांचं काम गेलं. काकांच्या घरच्या पंचफुला काकू मले बाजारात दिसल्या की मी गल्ली बदलो. आठ महिने असंच चाललं. शेवटी दिवाळीत बडनेऱ्याले गेलो. काकांनी जयभीम घेतला, खाट सरकवून देली.

मी काही बोलाच्या आत तेच बोलले. "नितेश, मी लय विचार केला. तू म्हनतो म्हनजे मोजला असन मी. वय झालं, डोकं चालत नाही. झोके चुकलो असन." मंग म्हने, "मांगच्या महिन्यात तेल्हाऱ्याले जाऊन आलो. बंडूसमोर हात जोडले. लय चांगलं पोरगं आहे. रडला, पन माफ केलं त्यानं मले."

तवा मी सांगतलं सारं. काका आयकत राह्यले. मंग म्हने, "त्यानं लय कष्टानं माफ केलं रे. आता त्याले पुन्हा हे कोन सांगन?"

"मी जातो," म्हटलं.

या गोष्टीले पाच महिने झाले. मी अजून तेल्हाऱ्याले गेलो नाही.