घर नव्हे, घराचा करार

तिला सगळे पडदेवाली म्हणत. लोकांच्या घरी जायचं, खुर्चीवर चढून खिडकीला टेप लावायची, आठवड्याने येऊन पडदे टांगायचे, हा तिचा जन्माचा उद्योग. सगळ्या गावाच्या खिडक्या तिला पाठ. माणसांशी मात्र ओळख तेवढ्यापुरतीच. पडदे लागेपर्यंत लोक कौतुकाने बोलत आणि लागले की दार लावून घेत. पडदे त्यासाठीच तर असतात म्हणा!

नवरा लवकर गेला, पोटी कुणी नाही. एक भाची होती परदेशात. कधीमधी फोन करायची, "मावशी, तब्येतीला जप हं," म्हणायची आणि उत्तराची वाट न बघता ठेवून द्यायची. पोर तशी गुणाची.

यंदा घरमालकाने पुन्हा खोली रिकामी करायला सांगितली तेव्हा पडदेवाली इरेला पेटली. आता उठायचं ते स्वतःच्या घरात जायला. पुन्हा कुणाच्या दारात गाठोडं घेऊन उभं राहायचं नाही.

तेव्हा तिला भेटला गोडबोल्या. घरांची दलाली करायचा, जीभ साखरेत बुडवून आल्यासारखी. गल्लीच्या टोकाचं एक लहानसं घर त्याने तिला बाहेरून दाखवलं.

"घर तुझं आहे का रे?" तिने विचारलं.

"घर माझं नाही, ताई. पण ते घ्यायचा करार माझ्या नावावर आहे. तो मी तुमच्या नावावर करतो. माझ्या जागी तुम्ही उभ्या राहा, वरचं थोडं मला द्या, की घर तुमचं."

"म्हणजे म्हैस दुसऱ्याची आणि दूध तू विकतोस?"

"दूध नाही ताई, दूध काढायचा हक्क विकतो," गोडबोल्या हसून म्हणाला. तिलाही हसू आलं, आणि हसता हसता तिने विसार देऊन टाकला. माणूस एकटं असलं की हसवणाऱ्यावर लवकर विश्वास बसतो.

"फक्त मालकाला भेटायला जाऊ नका," त्याने बजावलं. "म्हातारा चक्रम आहे."

तिला राहवलं तर ना! घर मिळणार म्हटल्यावर आधी खिडक्यांची मापं घ्यायची, ही हाताला लागलेली सवय. दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन ती त्या दारात हजर. दार एका म्हाताऱ्याने उघडलं. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, खांदे अजून रुंद.

"काय पाहिजे?"

"खिडक्यांची मापं घ्यायची होती. मी हे घर घेतेय ना."

"तुम्ही?" म्हातारा दारातच उभा राहिला. "मी तर त्या पोराला दिलंय. बायको-मुलांना घेऊन राहायला येतो म्हणाला."

गोडबोल्याला ना बायको, ना मुलं. पडदेवालीच्या हातातली टेप सुर्रकन गुंडाळली गेली. म्हाताऱ्याने दार लावून घेतलं.

ती तडक वकीलबाईंकडे गेली. त्यांच्या कचेरीचे पडदे तिनेच शिवलेले. बाईंनी गोडबोल्याने दिलेली कराराची नक्कल वाचली आणि चष्मा काढला.

"मावशी, करार दुसऱ्याला देणं हा काही गुन्हा नाही. व्यापारी लोक आपसात सर्रास करतात. पण या करारात लिहिलंय, मूळ मालकाच्या लेखी संमतीवाचून तो कुणाला देता येणार नाही. शिवाय तुम्ही राहायला घर घेणार. तुमच्यासारख्यांना करार विकताना सगळं उघड सांगायला हवं. त्याने मालकालाही फसवलं आणि तुम्हालाही."

"मालकाने सही दिली तर?"

"तर सगळं कायदेशीर. पण त्याच्या जागी उभ्या राहिलात की भिंतीतली ओलसुद्धा तुमचीच, मग तक्रार चालायची नाही. आणि नाही दिली सही, तर घर गेलं. विसार काढून घेऊ त्याच्याकडून, बघते मी."

बातमी लागून गोडबोल्या बाहेर ताटकळत उभा होता. "ताई, सोपं आहे हो. म्हाताऱ्याला सांगा, भाची येतेय पोरांना घेऊन राहायला. लगेच सही करेल."

"तुझी जीभ झिजत कशी नाही रे?" ती म्हणाली. पण वाटेत तिने ते वाक्य मनात दोनदा म्हणून बघितलं. कानाला फार गोड लागलं.

या वेळी म्हाताऱ्याने तिला आत घेतलं. घरात एकच खुर्ची, ती त्याने तिला दिली.

"कोण कोण राहणार?"

वाक्य जिभेवर आलं होतं. त्या रिकाम्या खोलीत ते बोलवेना.

"मी एकटीच."

"मग नाही," म्हातारा म्हणाला. "राग मानू नका, बाई. मी महिना महिना ट्रकवर असायचो. माझी बायको इथे एकटी बसायची. शेवटीसुद्धा एकटीच होती. आणखी एका बाईला मी या घरात एकटी बसवणार नाही."

पडदेवाली खुर्चीवरून उठली.

"काका, एकटेपण काय तुमच्या भिंतीत आहे होय?" ती म्हणाली. "मी जिथे जाते तिथे ते माझ्याआधी पोचलेलं असतं. इथे निदान मला कुणी ऊठ म्हणणार नाही."

म्हाताऱ्याने भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "सकाळचं ऊन स्वयंपाकघरात येतं. ती तिथेच बसायची." आणि त्याने पेन मागितलं.

नोंदणी कचेरीत कारकुनाने मान वर न करता विचारलं, "तुमच्याकडून साक्षीदार? तुम्हाला ओळखणारं कुणीतरी." म्हाताऱ्याने शेजाऱ्याला आणलं होतं. गोडबोल्या स्वतःच करार देणारा, तो चालेना. कागद वकीलबाईंनीच केलेला, त्याही नको म्हणाल्या. पडदेवालीने एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

"कोण? अगं हां, पडदेवाली! आज नाही गं जमायचं."

दुसरीला लावला. तिने आधी नाव विचारलं.

रांगेत मागे उभी असलेली एक बाई सगळं ऐकत होती. "आणा इकडे, मी करते सही," ती म्हणाली.

"ओळखता का यांना?" कारकुनाने विचारलं.

"मघापासून एकत्र उभ्या आहोत की!"

कारकून हसला आणि त्याने रकान्यात लिहिलं, परिचित.

पैसे चुकते झाले, किल्ली हातात आली. पडदेवाली बाहेर आली, पायरीवर थांबली. घर झालं, असं कुणाला तरी सांगावंसं तिला फार वाटलं. सांगण्यासारखी एकच आठवली, ती रांगेतली बाई. पडदेवाली वळून आत गेली, पण रांग पुढे सरकली होती. बाई निघून गेली होती.