कणगीतले सौरदिवे

जव्हार तालुक्यात, दाभोशाच्या पुढे, नदीपलीकडे, आमच्या ग्रामपंचायतीचे दोन पाडे होते, खालचा आणि वरचा. विजेचा खांब दोन्हीकडे पोचला नव्हता. मी तिथल्या शाळेचा मास्तर. थोडंफार इंग्रजी येतं एवढ्या भांडवलावर सन दोन हजारच्या आसपास मला एका परदेशी मदतीच्या प्रकल्पाचा दुभाष्या करण्यात आलं. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण सांगणारी सरपंचबाई होती.

ती राखीव जागेवर निवडून आली तेव्हा तालुक्याच्या कचेरीत सगळे तिच्या नवऱ्याशीच बोलायचे. ती मध्येच म्हणायची, "त्याला काय इचारता? सही माझी हाये." मला ती फार आवडायची आणि मी तिला थोडा घाबरूनही असे.

त्या प्रकल्पातून खालच्या पाड्यावर घरोघरी सौरदिवे बसले. छपरावर पॅनेल, आत बॅटरी आणि दोन दिवे. वर्षभर नीट चालले तर तेच वरच्या पाड्याला मिळणार होते. वरचा पाडा म्हणजे सरपंचबाईचं माहेर. "मायच्या घरात उजेड पडलेला बघायचाय मला," असं ती चारचौघांत सांगायची. त्यात लपवण्यासारखं तिला काही वाटत नसे.

पाहणीला पाहुणे आले ते माघात. प्रकल्प राबवणाऱ्या मुंबईच्या संस्थेचे साहेब आणि पैसे देणाऱ्यांकडची एक परदेशी बाई. जीपमधून उतरून वर पाहतात तर एकाही छपरावर पॅनेल नाही. साहेबांचा चेहरा पडला. लोकांनी विकून खाल्ली, असंच त्यांना वाटलं.

कोणी काही विकलं नव्हतं. दिवाळीनंतर पाडाच्या पाडा भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातो. जाताना घरातलं मोलाचं ते सगळं भाताच्या कणगीत ठेवायचं आणि तिचं तोंड शेणाने लिंपून टाकायचं, ही तिथली रीत. कणगीत कणसरी बसते, धान्याची देवी, म्हणून चोरसुद्धा तिला हात लावत नाही. परतल्यावर घरची बाई पूजा करून तोंड उघडते. तर लोकांनी पॅनेलं उतरवली, गोधडीत गुंडाळली आणि भातात पुरली. उन्हावर चालणारी वस्तू इतकी जपली की तिला ऊनच लागू दिलं नाही. मला हसू आलं आणि भरूनही आलं.

"दोन-चार कणग्या उघडा, पॅनेल बसवून फोटो काढू," साहेब म्हणाले. तसं केलं असतं तर वरच्या पाड्याचं काम तिथल्या तिथे झालं असतं. सरपंचबाई म्हणाली, "दुसऱ्याची कणगी मी नाय फोडनार. कोनाला फोडू बी नाय देनार."

साहेब नको ते बोलले. भाषांतर करताना मी ते गाळलं.

अहवालात 'वापर नाही' असा शेरा पडला आणि वरच्या पाड्याचं नाव मागे गेलं. मी दोन दिवस नुसता संतापत राहिलो. सरपंचबाईने मात्र मला उचलून जव्हारला नेलं. तिथं एका कापडवाल्या चाचांनी दुकानामागच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवून ईमेलची सोय केली होती. "लिवा गुरुजी," ती म्हणाली, "आमची मानसां अर्धा वरीस घरी ऱ्हतच नाय. छपराला खिळलेला दिवा काय कामाचा? हातात धरून नेता येल असा द्या." चाचा मागून घाई करत होते, "लाईट जाने से पहले भेज दो, मास्टर."

परदेशी बाईंचं उत्तर आलं. मग त्यांचे प्रश्न, आमची उत्तरं, असं बरेच महिने चाललं. खरं सांगायचं तर त्या आपल्याच लोकांशी आमच्यासाठी भांडल्या. पुढच्या पावसाळ्यात हातात नेण्याजोगे सौरकंदील आले, घराला एक, आणि वरच्या पाड्याला आधी. वाटपाच्या भाषणात साहेबांनी ती कल्पना स्वतःची करून टाकली. सरपंचबाईने त्यालाही टाळ्या वाजवल्या. तिला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं, इतकी ती खूश होती.

त्या हिवाळ्यात शाळेच्या कामासाठी मी वरच्या पाड्यावर निघालो, तेव्हा आईला भेटायला तीही बरोबर आली. पोचेपर्यंत दिवस मावळला. घरात चुलीपुरताच उजेड होता.

"माय, दिवा कुठं गेला?"

"तुझ्या भावानी नेला भट्टीवर," म्हातारी कौतुकाने म्हणाली. "तठं रातच्या बी विटा पाडतात आथा. मुकादम बोलला, उजेड हाये तं बसून कशाला ऱ्हायाचां?"

सरपंचबाई आईच्या शेजारी भुईवर बसली.

"म्हंजे त्यांची रात बी मीच कामाला लावली," ती म्हणाली.