चार घरांची एक चूल

आमच्या ह्यांना घरं बांधायचा नाद होता, पण बांधायची ती दुसऱ्यांची. बांधकाम खात्यात ते ओव्हरसियर होते. कालव्यांवरचे पूल आणि शाळांच्या खोल्या यांतच त्यांचे दिवस जायचे. आम्ही राहायचो तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. हे, मी आणि ह्यांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन ती माहेरी आली, ती कायमचीच. लहानथोर सगळे तिला अक्का म्हणत.

त्या वर्षांत गल्लीतली मराठी माणसं नोकरीसाठी मद्रासला निघाली होती. उरलेल्यांची मुलं आपसांत तमिळ बोलत आणि आईशी कसंबसं मराठी. ह्यांना ते फार लागायचं. एका रविवारी ह्यांनी तीन कुटुंबांना घरी बोलावलं आणि जमिनीवर मोठा कागद पसरला.

"घरं चार," हे म्हणाले. "प्रत्येकाचं दार वेगळं, परसू वेगळं. विहीर मात्र एक. मुलांना अक्षरं शिकवायला एक दालन, आणि स्वयंपाकघर एक."

"आणि रांधणार कोण?" कोर्टातल्या कारकुनाच्या आईने विचारलं.

"मी आहे की," अक्का म्हणाली. चार पुरुषांसमोर ती आपणहून बोललेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

तिरुवैयारूच्या रस्त्याला, कालव्याकाठी जागा मिळाली. स्वयंपाकघर आधी बांधून झालं. अक्का रोज चालत जाऊन गवंड्याला चुलीची उंची दाखवायची. घरांवर कौलं चढली आणि आम्ही चारही कुटुंबं राहायला गेलो. एक शाळामास्तर होते, एक टपालखात्यातून निवृत्त झालेलं जोडपं, कारकुनाचं घर आणि आम्ही.

वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. आम्ही बायका ओळीने बसून भाजी चिरायचो आणि अक्का सांबाराला फोडणी द्यायची. दुपारी मास्तर दालनात मुलांकडून पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचे. अक्काच्या अंगावर थोडं मांस चढलं. ती हसायची, तेव्हा तोंडावर पदर घ्यायची.

मग कारकुनाच्या मुलीचं लग्न ठरलं. कुंभकोणमहून मुलाकडची माणसं साखरपुड्याला यायची होती. अक्का पहाटेपासून पुरण वाटत होती. पाहुण्यांचा टांगा दिसला तशी कारकुनाची आई स्वयंपाकघराच्या दारात आली. ती अक्काशी बोलली नाही, माझ्याशी बोलली.

"तिला सांग, पाहुणे जाईपर्यंत खोलीतच बस म्हणावं. शुभकार्य आहे."

अक्का माझ्यापासून दोन हातांवर होती. तिने डाव खाली ठेवला, हात पुसले आणि मागच्या दाराने निघून गेली. मी डाव उचलला आणि आमटी ढवळत राहिले.

पंगत बसली. अक्काने केलेल्या पोळ्या पाहुण्यांनी मागून मागून खाल्ल्या. वाढताना ह्यांनी मला हळूच विचारलं, "अक्का कुठे आहे?"

"डोकं दुखतंय तिचं," मी म्हटलं.

ह्यांना ते खरं वाटलं. चार दिवसांनी मास्तरांच्या बायकोकडून सगळं कळलं, तेव्हा ते माझ्यावर रागावलेसुद्धा नाहीत. तिथून उठून कारकुनाच्या दारात गेले आणि भर अंगणात भांडले. कारकून मान खाली घालून उभा होता. त्याची आई आतून म्हणाली, "मग आमचं आम्ही रांधून खाऊ."

आठवड्याभरात त्यांच्या परसात चूल लागली. पुढच्या वर्षी मास्तरांना मद्रासला नोकरी लागली. त्यांच्या घरात भाडेकरू आले, त्यांचं आमच्याशी काय देणंघेणं? टपालवाल्या काका-काकूंना त्यांचा मुलगा घेऊन गेला. दालनात भाडेकरूने भाताची पोती रचली. एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरात अक्का आता तिघांचा भात शिजवू लागली. तिला मापाची सवय होईना. रोज उरायचं, आणि उरलेलं ती कालव्यापलीकडच्या गाईंना घालायची.

"येतील सगळे परत," हे म्हणायचे. पुढेपुढे तेही म्हणायचं त्यांनी सोडलं.

एके दिवशी अक्काने सांगितलं की तिरुवैयारूत एका गाणं शिकवणाऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला बाई हवी आहे, ती जाणार. ह्यांनी खूप समजावलं. ती ऐकेना. तिची ट्रंक बसवर चढवून हे घरी आले आणि दोन दिवस कामावर गेले नाहीत.

दोन महिन्यांनी मी तिला आणायला गेले. ती तिथल्या मागच्या पडवीत केळफूल सोलत बसली होती. आतून मुलींचा सरावाचा आवाज येत होता.

"अक्का, घरी चला," मी म्हटलं. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. चुकले मी."

तिने हातातलं केळफूल बाजूला ठेवलं. "तू बोलली असतीस तरी मी उठलेच असते गं," ती म्हणाली. "मला त्याची सवय होती. त्या चार घरांत राहायला गेल्यावर ती मोडली होती, एवढंच."

"मग आता चला ना."

"तिथं कोण आहे जेवायला?"

तिने मला ताक दिलं, मी प्यायले. पुढची बस किती वाजता आहे ते तिने आत जाऊन विचारून आणलं आणि मला वेळेवर थांब्यावर पोचवलं.