कुठला दौरा भारी?

ठाकुर्लीच्या विहारात रविवारी सकाळी वंदना झाली की बाहेर ओट्यावर आमचं भांडण सुरू व्हायचं. भांडणच म्हणायचं, चर्चा वगैरे नाही. चर्चा ठाण्याच्या कोर्टातले वकील लोक करतात. आम्ही शिरा ताणून ओरडायचो. विषय एकच, आणि तो कधी संपला नाही: सीताराम जावळे आणि पार्टीचा कुठला दौरा भारी?

ज्यांनी सीतारामदादाला ऐकलेलं नाही, त्यांच्या नशिबाला काय म्हणायचं! असो. दादा कल्याणला रेल्वेत खलाशी होता. वर्षभर लोखंड उचलायचा, पण एप्रिल लागला की रजा टाकायचा. जयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत त्याची गायन पार्टी टेम्पोत बसून भीमगीतं गात हिंडायची. कळवा, मुंब्रा, अंबरनाथ, टिटवाळा, कधी पार मनमाडपर्यंत. पेटी दादा स्वतः वाजवायचा, ढोलकीवर दगडू, आणि कोरसला तीन-चार जण. कोरसमध्ये दादाची बायको मीराबाई होती. एरवी ती डोंबिवलीत एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. एप्रिलमध्ये तिच्या जागी तिची बहीण जायची, म्हणून नोकरी टिकली. ह्या सगळ्याला आम्ही दौरा म्हणायचो, आणि आम्ही त्या दौऱ्याच्या मागं मागं सायकलीवर, ट्रकवर, मिळेल त्यावर.

मी उत्तम. एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो. आणि मी चौऱ्याऐंशीवाला. आहेच. कोणाच्या बापाला घाबरत नाही. त्या वर्षी कल्याणला नाशिकच्या एका पार्टीशी सामना लागलेला. सामन्यात जी पार्टी आधी स्टेजवरून उठेल ती हरली, असा नियम. दादानं काळी पाचमध्ये, म्हणजे पार वरच्या पट्टीत, सूर लावला आणि तो उजाडेपर्यंत खाली आणला नाही. शेवटी नाशिकवाल्यांचा गायक स्वतः उठला, पेटीला हात लावून दादाच्या पाया पडला. मी पहिल्या रांगेत बसलेलो. आता बोला!

पण आमचा चंदू ऐकायचा नाही. चंदू कोपरच्या खाडीवरचा कोळी. जयंतीच्या मिरवणुकीत त्यानं दादाला एकदा ऐकलं आणि जो चिकटला तो चिकटला. तो दरवर्षी ताजा दौरा धरायचा, शेवटी एक्क्याण्णववाला झाला. बाबासाहेबांच्या शताब्दीचं वर्ष, मैदानात पाय ठेवायला जागा नाही, इमारतींच्या गच्च्यांवर माणसं. चंदू म्हणायचा, "तुजे चौऱ्याऐंशीला मानसं किती व्हती रं? मना सांग." मी म्हणायचो, "माणसं मोजायची तर निवडणुकीच्या सभेला जा की. गाणं ऐकायला कशाला येतोस?" दगडू ढोलकीवाला दोघांनाही शिव्या घालायचा आणि अठ्ठ्याऐंशीचं नाव घ्यायचा, कारण त्या वर्षी त्याची ढोलकी नवी होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

दादा कधी तिथून चालला असला तर हसायचा, म्हणायचा, "अरे, भांडा भांडा. पुढच्या वर्षीचा ऐकून मग ठरवा." त्यात आम्हाला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू.

पुढच्या वर्षीचा आलाच नाही, म्हणजे तसा आलाच नाही.

शताब्दीचा दौरा संपला आणि दादाचा आवाज बसला तो सुटेना. काढे झाले, मिरी-मध झालं. दादा तंबाखू खायचा, तेही मीराबाईनं शिव्या देऊन बंद केलं. दिवाळीच्या सुमाराला परळच्या हॉस्पिटलात तपासलं तर गळ्यात गाठ. वाईटातली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, त्यातून श्वास. आवाज राहणार नाही, माणूस राहील. लवकर करा.

दादा घरी आला आणि म्हणाला, मी नाही करणार.

मीराबाईनं सांगून पाहिलं, पोरांनी पाहिलं. दादाचं एकच. घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "सीताराम म्हणजे काय? आवाज. तो काढला तर उरला नुसता खलाशी. त्याला कशाला जगवायचं?" ऑपरेशनची तारीख मिळालेली, ती त्यानं जाऊ दिली. दुसरी मिळाली. तीही जायच्या बेतात होती, आणि डॉक्टरांनी बजावलेलं की तिसरीचा उपयोग नाही.

आता आमची अक्कल बघा. आम्हाला वाटलं, दादाचं मन खचलंय, त्याला जरा उभारी देऊ. आजाऱ्याकडे जायचं तर मोसंबी घेऊन जातात. आम्ही मोसंबी घेतली आणि वर चंदूचा टेपरेकॉर्डर घेतला. माझ्याकडे कल्याणच्या सामन्याची कॅसेट होती, चंदूकडे शताब्दीची. दादाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सतरंजीवर बसून आम्ही दोन्ही लावल्या आणि दर रविवारी भांडतो तसे भांडलो. मुद्दाम जोरात. दादाला बरं वाटावं म्हणून!

दादानं डोळे मिटून ऐकलं. माझी कॅसेट संपली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं. चंदूसुद्धा त्या दिवशी म्हणाला, "नाय रं उत्तम, तुजीच भारी." सात वर्षांत पहिल्यांदा कबूल झाला, तो नेमका त्या दिवशी. दादानं माझा हात धरला. म्हणाला, "बास. सगळ्यांचं एकमत झालं ना? आता ह्याच्या वर काय राहिलंय? जाऊ दे मला हाच आवाज घेऊन." आणि मीराबाईकडे बघून मान हलवली. परळला जायचं नाही.

आम्ही टेपरेकॉर्डर उचलून खाली उतरलो. करायला गेलो एक.

रविवारी वंदना आटोपून ओट्यावर बसतोय तोच मीराबाई आली. पोळ्यांचं पीठ हाताला तसंच. इतक्या वर्षांत वहिनी आमच्याशी चार शब्द बोलली असेल नसेल. चहा द्यायची, आत जायची. त्या दिवशी उभ्या उभ्या फाडलं.

"माणूस मारायला निघालात काय रे? भारी दौरा, भारी दौरा! झालं ना तुमचं? ठरलं ना? आता त्यालाच जाळून या आणि कॅसेट ऐकत बसा घरी!"

मी म्हणालो, "वहिनी, आम्ही चांगल्यासाठी..."

"गप बस! तुझ्या चांगल्याला लागली आग. तुम्हाला गाणारा पाहिजे. मला तो बिनआवाजाचा चालतो. मुका चालतो, पांगळा चालतो. सकाळी उठून समोर दिसला पाहिजे. बास." आणि तिथंच ओट्यावर बसून रडायला लागली. पदर तोंडात कोंबून. विहारातून बायका बाहेर आल्या, त्यांनी धरलं. आम्ही सगळे बाप्ये खाली मान घालून उभे.

रडणं थांबलं तसं तिनं नाक पुसलं आणि दगडूला म्हणाली, "ढोलकी घे. चल घरी."

आम्ही मागोमाग गेलो. दादा खाटेवर. मीराबाईनं पेटी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः जमिनीवर बसली. दगडूला म्हणाली, वाजव. आणि गायला लागली. कोरस नाही, पूर्ण गाणं, दादाचं. कल्याणच्या सामन्यातलं.

खरं सांगू? वाईट गायली. दादाच्या पट्टीत सूर लावला आणि अंतऱ्याला आवाज फाटला. दगडूनं मान खाली घातली. चंदू दाराकडे बघायला लागला. ती थांबली नाही. फाटक्या आवाजात तसंच पुढं रेटत राहिली, मानेच्या शिरा फुगल्या. दुसऱ्या कडव्याला पुन्हा फाटला. दादाला सहन होईना. खाटेवरून वाकला, भाता ओढला आणि खालच्या पट्टीतला सूर दाबला. "इथून," म्हणाला, "इथून घे. मरशील तिकडून."

तिनं तिथून घेतलं. कडवं पार पडलं.

मग ती म्हणाली, "अहो, एप्रिलला पार्टी निघणार. पुढं मी बसणार."

दादा म्हणाला, "तू? लोक हसतील, मीरा."

"हसू देत. पण सूर चुकला तर मला सांगणार कोण? हा दगडू? हा तर स्वतःच्या ढोलकीच्या पुढं काही ऐकत नाही." मग दादाकडे वळली. "तुम्ही बाजूला बसा. पेटी वाजवा. त्याला काय गळा लागतो? हात लागतात. हात कोण कापतंय तुमचे?"

दादा पेटीवर हात ठेवून बसून राहिला. त्या दिवशी हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. ठरल्या तारखेला मात्र सकाळी आंघोळ करून, सदरा घालून तयार बसला. मी आणि चंदू सोबत गेलो. आत नेताना त्यानं आम्हाला हात जोडून "जय भीम" केला. आम्ही त्याच्या तोंडून ऐकलेले शेवटचे शब्द ते.

ब्याण्णवचा दौरा. त्याला दौरा म्हणायचं धाडस आमच्या ओट्यावर कोणी केलं नाही. तारखा मागायला मीच हिंडलो. ज्या मंडळांनी दादासाठी कमानी उभारलेल्या, तेच म्हणायला लागले, "सीतारामची बायको? ती गाते? बघू, पुढच्या वर्षी बघू." एकानं तर तोंडावर सांगितलं की त्यापेक्षा कॅसेट लावतो. गरज सरो, वैद्य मरो! माझा हात उठलेला, चंदूनं धरला म्हणून, नाहीतर त्या दिवशी काहीतरी झालं असतं.

पहिला कार्यक्रम चंदूनं मिळवला, कोपरला, खाडीजवळ त्याच्या आळीत. मी म्हटलं, अरे, तुमच्या लोकांना चालेल का? तो म्हणाला, "आमचेकरं हळदीला धवला, लगनाची गानी, बायाच बोलतान. बाईचा आवाज ऐकाला आमाना कसली लाज?" तिथं बायका गोळा झाल्या, बऱ्यापैकी ऐकलं. टिटवाळ्याला बरं गेलं. कळव्याला मात्र वाट लागली. मैदान भरलेलं, लोक सीताराम जावळेचं नाव वाचून आलेले. दादा स्टेजवर बसला, गळ्याला पांढरा रुमाल बांधलेला, पेटी पुढ्यात. मीराबाईनं पहिलं गाणं म्हटलं. दुसऱ्याला मागून शिट्ट्या. तिसऱ्याला माणसं उठायला लागली. पोरं खांद्यावर घेऊन, चटया गुंडाळून. शेवटाला पुढच्या दोन-तीन रांगा आणि आम्ही. मला इतकं वाईट वाटलं की मी मान वर करून स्टेजकडे बघितलंच नाही. दगडू परतीच्या टेम्पोत रडला.

त्यानंतर दोन वर्षं तुरळक कार्यक्रम झाले, कुठं बारसं, कुठं गृहप्रवेश. मग तेही थांबले. दादा घरी असायचा. गळ्याच्या भोकातून श्वास घ्यायचा, खोकायचा, विहारात येऊन आमच्यात बसायचा. आम्ही त्याच्यासमोर दौऱ्यांचं नाव काढायचं बंद केलं, तर त्यानंच एकदा मला कोपरानं ढोसलं आणि चंदूकडे बोट दाखवलं. म्हणजे, भांडा. तसे भांडलो. तो आवाज न करता हसत होता, खांदे हलत होते. मीराबाई सकाळी पोळ्यांना जाताना त्याला ओट्यावर सोडायची आणि परत येताना घेऊन जायची.

शहाण्णवला गाठ पुन्हा आली, आणि ह्या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावसुद्धा काढलं नाही. दादा घरीच गेला, मीराबाईच्या हातून पाणी पिऊन.

जलदान विधीला विहार भरून बाहेर मंडप घालावा लागला. भन्तेजींनी वंदना घेतली, आठवणींची भाषणं झाली. पांढरे कपडे घातलेली ती एवढी माणसं, त्यात कितीतरी तेच मंडळवाले, आणि जो तो उठून कल्याणचा सामना सांगत होता. जेवणं झाल्यावर आम्ही ओट्यावर टेकलो आणि सवयीनं, अगदी हळू, सुरू झालं. चौऱ्याऐंशी. एक्क्याण्णव. मीराबाई पाण्याची बादली घेऊन तिथून चाललेली. दगडूला काय सुचलं कोण जाणे, म्हणाला, "वहिनी, तुम्हीच सांगा. कुठला भारी?"

मी त्याला लाथ मारायच्या बेतात होतो. ती थांबली. बादली खाली ठेवली.

"चौऱ्याऐंशीचा," ती म्हणाली. "त्यात काय विचारायचं? मी काय बहिरी होते? तसं गाणं मी परत ऐकलं नाही."

मी चंदूकडे बघितलंसुद्धा नाही. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

"पण कोरस मागं बसतो ना रे उत्तम," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसायचात. मला ह्यांची पाठ दिसायची. घामानं भिजलेला सदरा दिसायचा. तुम्ही सगळे ह्यांचं तोंड बघून रडायचात, हसायचात, आणि मी बायको असून मला माहीत नाही गाताना हे कसे दिसतात. ब्याण्णवला बाजूला बसले तेव्हा बघितलं. माझा सूर सुटला की कपाळाला आठी पडायची. जागेवर आला की अशी मान हलायची, लहान मुलागत. कळव्याला लोक उठून गेले म्हणतात ना? दगडू टेम्पोत रडायला लागला तेव्हा मला कळलं. मी लोकांकडे बघितलंच नव्हतं."

तिनं पदर खोचला आणि बादली उचलली.

"भारी चौऱ्याऐंशीचाच. पण एकदा परत जायला मिळालं, तर मी कळव्याला जाईन."